अंगात झोपलेले विषाणू आणि सेप्सिस



या महिन्याचा पाठ एका आईच्या प्रश्नावरून घेतला आहे. तिची लेक आयसीयूमध्ये मशीनवर होती. दुसरं बाळंतपण होऊन ती घरी आली आणि पाचव्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला. घरच्यांना वाटलं, दूध भरल्याचा ताप असेल. गल्लीतल्या डॉक्टरकडून एक इंजेक्शन देऊन आणलं. दुसऱ्या दिवशी ती असंबद्ध बोलायला लागली, दिवसभर लघवी झाली नाही. जागरणाने असं झालं असेल म्हणून तीही रात्र काढली. तिसऱ्या दिवशी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं तेव्हा बीपी लागत नव्हता. गर्भाशयात झालेल्या जंतुसंसर्गाने सगळं अंग घेरलं होतं. डॉक्टर म्हणाले, सेप्सिस.

नवव्या दिवशी तोंडातल्या नळीच्या कडेने ओठांवर पाणी भरलेले बारीक फोड आले. तपासणीत हर्पीस निघाला. पुढच्या आठवड्यात रक्तात सीएमव्ही नावाचा आणखी एक विषाणू सापडला. नणंदेने मोबाईलवर हर्पीस शोधलं आणि वाचलं ते घरभर सांगितलं: हा तर वाईट चालीचा रोग. नवरा दोन दिवस दवाखान्यात फिरकला नाही. सासू म्हणाली, घरी आली तर तिचं ताट आणि पेला वेगळा ठेवा.

तेव्हा ती आई आमच्याकडे आली आणि म्हणाली, "ताई, माझ्या लेकीला हे कुठून लागलं?"

आम्ही तिला दिलेलं उत्तर एवढंच होतं. मावशी, हे आता कुठून लागलेलं नाही. बहुतेक लहानपणापासून ते तिच्या अंगात होतं, झोपलेलं होतं. सेप्सिसने अंगाची राखण मोडली म्हणून ते जागं झालं. हे उत्तर नीट समजून घेऊ, कारण असा रिपोर्ट उद्या आपल्यापैकी कोणाच्याही घरी येऊ शकतो.

१. सेप्सिस म्हणजे काय

आपण 'सेप्टिक झालं', 'इन्फेक्शन रक्तात गेलं' असं म्हणतो. सेप्सिस त्याहून मोठी गोष्ट आहे. जंतुसंसर्ग कुठेही असो, फुफ्फुसात, लघवीच्या मार्गात, पोटात, बाळंतिणीच्या गर्भाशयात किंवा पायाच्या जखमेत, त्याच्याशी लढताना शरीराचा तोल सुटतो. मग शरीराचाच प्रतिकार स्वतःच्या अवयवांना इजा करू लागतो. बीपी पडतो, किडनी थांबते, श्वास लागतो, भान जातं.

वस्तीत एका खोलीला आग लागली की काय होतं ते आठवा. सगळे धावतात. पाणी मारताना शेजारच्या खोलीचे पत्रे उचकटले जातात, भिंती पाडल्या जातात. आग विझवायला निघालेल्यांच्या हातूनही नुकसान होतं. सेप्सिसचा पहिला टप्पा असाच असतो.

जगभरात २०१७ या एका वर्षात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि सुमारे १ कोटी १० लाख मृत्यू त्याच्याशी जोडलेले होते, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे जगातल्या दर पाच मृत्यूंमागे साधारण एक. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने सेप्सिसकडे प्राधान्याने लक्ष द्यावं असा ठराव केला.

२. झोपलेले विषाणू कोणते आणि कुठे असतात

सर्दीचा विषाणू येतो, त्रास देतो आणि निघून जातो. काही विषाणू मात्र एकदा आले की जन्मभर जात नाहीत. आजार बरा होतो, पण विषाणू अंगातल्या एखाद्या जागी गुपचूप पडून राहतो. तेव्हा तो वाढत नाही, त्रास देत नाही. अशा विषाणूंचं मोठं कुटुंब म्हणजे हर्पीस कुटुंब. माणसाला होणारे त्यातले आठ विषाणू माहीत आहेत. चार ओळखून ठेवू.

• हर्पीस सिम्प्लेक्स, प्रकार १: ताप येऊन गेला की ओठाच्या कडेला फोड येतात, आणि 'ताप बाहेर पडला' असं आपण म्हणतो. ते फोड बहुतेक वेळा याच विषाणूचे. चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या गाठीत तो झोपलेला असतो.

• कांजिण्यांचा विषाणू: कांजिण्या बऱ्या झाल्या तरी हा पाठीच्या कण्याजवळच्या मज्जातंतूंच्या गाठींत राहतो. तो जागा झाला की नागीण होते.

• ईबीव्ही: हा रक्तातल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींत राहतो. बहुतेकांना लहानपणी होऊन जातो आणि कळतही नाही.

• सीएमव्ही: हा अस्थिमज्जेत तयार होणाऱ्या पेशींत दबा धरून असतो. भारतात दहापैकी नऊहून जास्त मोठ्या माणसांना तो कधी ना कधी होऊन गेलेला असतो.

हर्पीस प्रकार १ जगातल्या पन्नाशीच्या आतल्या दर तीन माणसांत साधारण दोघांच्या अंगात आहे. तो मुख्यतः लाळेतून पसरतो. आजीने नातवाचा मुका घेतला, आईने स्वतःच्या तोंडातला घास बाळाला भरवला, भावंडं एका पेल्यातून पाणी प्यायली, एवढ्यावर तो येतो. दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसं राहतात तिथे तो लवकर येतो. यात ना कोणाचं पाप आहे, ना कोणाची करणी.

टीबीचं उदाहरण आपल्या सगळ्यांना माहीत आहे. टीबीचा जंतू विषाणू नव्हे, तो जीवाणू. पण तोही कित्येकांच्या अंगात वर्षानुवर्षे निपचित पडून असतो आणि अंगाची ताकद गेली की डोकं वर काढतो. इथेही तीच रीत आहे.

३. सेप्सिसमध्ये ते जागे का होतात

हे विषाणू आपोआप झोपलेले नसतात. शरीराच्या पांढऱ्या पेशी, विशेषतः टी पेशी, त्यांच्यावर रात्रंदिवस पहारा देतात.

आगीच्या उदाहरणाकडे परत जाऊ. आग विझवण्यात सगळी वस्ती थकून गेली. मागच्या फाटकावरचा राखणदारही पाणी भरायला धावला आणि शेवटी बेशुद्ध पडला. आता मागचं फाटक उघडं आहे. सेप्सिसचा पुढचा टप्पा असा असतो. लढून लढून टी पेशी मोठ्या संख्येने मरतात आणि उरलेल्या मंदावतात. त्यातच सेप्सिसच्या दाहात जी रसायनं रक्तात येतात, त्यांतली काही सीएमव्हीसारख्या विषाणूला जागं व्हायला इशारा देतात. म्हणजे दोन कारणं एकत्र येतात: पहारा उठतो आणि आतून हाक पडते.

म्हणून हे विषाणू बहुधा पहिल्या दिवशी दिसत नाहीत. रुग्ण पहिल्या धक्क्यातून वाचतो, आयसीयूत दिवस लांबतात, तेव्हा ते दिसू लागतात. सीएमव्ही साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सापडतो.

अमेरिकेत ५६० सेप्सिस रुग्णांचं रक्त वेळोवेळी तपासून केलेला एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्याहून थोड्या जास्त रुग्णांच्या रक्तात ईबीव्ही सापडला, जवळपास चौथ्या हिश्श्यात सीएमव्ही आणि सुमारे १४ टक्के रुग्णांत हर्पीस सिम्प्लेक्स. ४२.७ टक्के रुग्णांत दोन किंवा अधिक विषाणू एकाच वेळी होते. तेव्हा आपल्या लेकीच्या रिपोर्टमध्ये दोन नावं आली यात जगावेगळं काही नाही.

कारणाशिवाय कार्य घडत नाही, हे आपल्याला धम्माने शिकवलं आहे. आजाराचंही कारण शोधायचं असतं. माणसाच्या चारित्र्यात ते शोधत बसलो तर खरं कारण हातून सुटतं.

४. नागिणीची भीती

मोठ्या आजारानंतर, किंवा वय झाल्यावर, कांजिण्यांचा झोपलेला विषाणू जागा होऊन नागीण उठते. आपल्या वस्त्यांत अजून म्हणतात की नागिणीचं तोंड शेपटीला मिळालं की माणूस मरतो. मग गेरू फासतात, उतारा करतात, मांत्रिकाकडे नेतात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतही आम्ही हे पाहिलं आहे.

खरी गोष्ट अशी आहे. विषाणू एका मज्जातंतूच्या गाठीतून निघतो आणि त्या मज्जातंतूच्या वाटेनेच कातडीपर्यंत येतो. एका बाजूचा मज्जातंतू अंगाच्या त्याच बाजूला पसरलेला असतो. म्हणून फोडांचा पट्टा सहसा अर्ध्या अंगावर येतो आणि मधोमध थांबतो. अंगाला वेढा घालायला तिथे कोणी साप नाही. प्रतिकारशक्ती फारच खालावलेली असेल तर फोड इतरत्रही पसरू शकतात. तेव्हा मांत्रिक नको, दवाखाना हवा. नागिणीवर विषाणूरोधक गोळ्या असतात आणि फोड उठल्यापासून तीन दिवसांच्या आत सुरू केल्या तर जास्त उपयोगी पडतात. डोळ्याजवळ नागीण असेल तर त्याच दिवशी जा. गेरूमुळे हे तीन दिवस निघून जातात.

५. मग लगेच महागडी औषधं आणायची का?

रिपोर्टवर विषाणूचं नाव दिसलं की नातेवाईक घाबरतात आणि मंगळसूत्र गहाण ठेवून इंजेक्शनं आणायला निघतात. म्हणून हा भाग नीट वाचा.

सेप्सिसमध्ये ज्यांच्या अंगात हे विषाणू जागे होतात ते रुग्ण जास्त दिवस आयसीयूत राहतात आणि त्यांच्यात मृत्यूही जास्त दिसतात, असं अनेक अभ्यासांत आढळलं आहे. पण विषाणूमुळे प्रकृती बिघडते, की प्रकृती बिघडल्यामुळे विषाणू दिसतो, हा प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही.

औषध आधीच देऊन फायदा होतो का, हेही तपासलं गेलं. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या १६० गंभीर रुग्णांवरचा अभ्यास आला. त्यांच्यात सीएमव्ही झोपलेला होता आणि तो जागा होऊ नये म्हणून काहींना गॅनसायक्लोव्हिर दिलं होतं. शरीरातला दाह कमी होतो का, हे त्यात मुख्यतः मोजायचं होतं. त्यात फरक पडला नाही. २०२० मध्ये फ्रान्समधला अभ्यास आला. व्हेंटिलेटरवरच्या २३८ रुग्णांच्या घशात हर्पीस जागा झाला होता. त्यांच्यातल्या काहींना अ‍ॅसायक्लोव्हिर दिलं, पण त्यामुळे मशीन लवकर सुटलं नाही.

म्हणून नुसता विषाणू सापडला एवढ्यावर प्रत्येकाला औषध देण्याची पद्धत नाही. मात्र विषाणूने अवयवाला इजा केली असेल, जसं मेंदूला सूज, सीएमव्हीचा न्यूमोनिया, आतड्याला किंवा डोळ्याच्या पडद्याला इजा, तर औषध लागतंच आणि ते टाळायचं नसतं. एचआयव्ही असलेले किंवा अवयव बदललेले रुग्ण यांचीही गोष्ट वेगळी असते. हा निर्णय डॉक्टरांचा, पण तो समजून घेण्याचा हक्क आपला. या औषधांनाही किंमत मोजावी लागते: अ‍ॅसायक्लोव्हिरचा किडनीवर ताण येऊ शकतो, गॅनसायक्लोव्हिरने पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात.

डॉक्टरांना शांतपणे हे विचारा. एका कागदावर लिहून न्या.

• मूळ जंतुसंसर्ग कुठे आहे आणि तो आटोक्यात आला का?
• विषाणू फक्त रक्तात किंवा लाळेत सापडला आहे, की त्याने एखाद्या अवयवाला इजा केली आहे?
• हे औषध कशासाठी आणि किती दिवस?
• औषध चालू असताना किडनी आणि पांढऱ्या पेशी तपासल्या जातील का?

रिपोर्टची एक खूण लक्षात ठेवा. 'आयजीजी पॉझिटिव्ह' म्हणजे विषाणू पूर्वी कधीतरी होऊन गेला. आपल्यापैकी बहुतेकांचा सीएमव्हीचा हा रिपोर्ट पॉझिटिव्हच येईल. 'पीसीआर' किंवा 'डीएनए' तपासणीत सापडला तर तो सध्या जागा असू शकतो.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी भेटा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवा. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. त्या मागून घ्याव्या लागतात. मागायला लाजू नका.

६. ताट वेगळं ठेवायचं का?

नवरा तिसऱ्या दिवशी आला. आम्ही त्याला बाजूला बसवून विचारलं, "भाऊ, ताप आला की तुमच्या ओठावर कधी फोड येतात का?" तो म्हणाला, "दर पावसाळ्यात येतात." आम्ही म्हटलं, "तोच हा विषाणू. तुमच्या अंगातही तो आहे. तुमचं ताट कोणी वेगळं केलं होतं का?" तो काही बोलला नाही. खाली मान घालून बसला. संध्याकाळी हात धुऊन, गाऊन घालून आत गेला आणि बायकोला नावाने हाक मारली.

हर्पीसचा दुसरा प्रकार मुख्यतः शरीरसंबंधातून पसरतो, हे खरं आहे. पण तोही अंगात कित्येक वर्षं न कळता असू शकतो. रिपोर्ट बघून कोणी कोणाशी कधी कसं वागलं याचा निवाडा करता येत नाही. आणि रोग कसाही आला असला तरी आजारी माणसाला सोडून देणं हा त्यावरचा उपाय नव्हे. तथागतांनी आणि आनंदाने स्वतःच्या मळात पडलेल्या आजारी भिक्खूला आपल्या हाताने धुतलं होतं. त्याला हा आजार कुठून लागला म्हणून दूर ठेवलं नव्हतं.

काळजी कोणती घ्यायची ते सांगतो. फोड ओले असतील तेवढे दिवस पेला आणि टॉवेल एकमेकांचा वापरू नका. फोडाला हात लागला तर साबणाने धुवा. ओठावर फोड असलेल्या कोणीही, मग ती आजी का असेना, नवजात बाळाचा मुका घेऊ नये. इवल्या बाळाला हर्पीस जिवावर बेततो. आईच्या ओठावर फोड असतील तर तिने मास्क लावून, हात धुऊन बाळाला घ्यावं. स्तनावर फोड नसेल तर अंगावरचं दूध पाजता येतं. फोड सुकून खपल्या गेल्या की हे नियम संपले. नियम फोडासाठी आहेत, माणसासाठी नाहीत.

एका पाण्यासाठी आपल्या माणसांना १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्यावर जावं लागलं. ज्या समाजाच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं गेलं, त्या समाजाने आपल्याच घरातल्या सुनेला वेगळा पेला देऊ नये.

७. सेप्सिस लवकर ओळखा

विषाणू जागे होतात ते सेप्सिस लांबल्यावर. म्हणून खरी लढाई पहिल्या दिवसाची आहे. जंतुसंसर्ग किंवा ताप असताना यातलं एकही लक्षण दिसलं तर रात्र काढू नका, १०८ ला फोन करा.

• असंबद्ध बोलणं, जीभ जड होणं, ओळख न पटणं, गुंगी
• अंग थडथड उडेल अशी हुडहुडी, किंवा अंगात असह्य दुखणं
• दिवसभर लघवी न होणं
• जोरजोरात श्वास, धाप
• हातपाय गार पडणं, कातडीवर निळसर-काळसर चट्टे. सावळ्या रंगावर हे पटकन दिसत नाही, म्हणून ओठ, नखं आणि तळहात पाहा
• "मी आता वाचत नाही" असं रुग्ण स्वतः म्हणत असेल तर ते खरं मानून पावलं उचला
• तान्हं बाळ दूध ओढत नसेल, गार किंवा लुळं पडलं असेल

दवाखान्यात गेल्यावर थेट विचारा, "हा सेप्सिस असू शकतो का?" सेप्सिसमध्ये योग्य अँटिबायोटिक आणि सलाईन सुरू व्हायला लागणारा एकेक तास मोलाचा असतो.

बाळंतीण, तान्ही बाळं, म्हातारी माणसं, डायबेटिसचे रुग्ण यांना धोका जास्त. आणि आपल्या वस्त्यांत आणखी एक गट आहे: गटारात, कचऱ्यात, नाल्यात राबणारे. सफाई कामगाराच्या पायाची छोटी जखम, कचरा वेचणाऱ्या बाईच्या बोटात घुसलेली काच, पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून होणारा लेप्टो, यांतून सेप्सिस होऊ शकतो. जखम साबणाच्या पाण्याने धुवा, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या, आणि लाली वर चढताना दिसली की कामावर न जाता दवाखाना गाठा. हातमोजे आणि गमबूट ठेकेदाराकडून मागून घेणं हाही आरोग्याचाच भाग आहे.

८. उजळणी

ती मुलगी सव्वीस दिवसांनी घरी आली. दीड महिना तिला चाळीचा जिना चढताना मध्ये बसावं लागत होतं. सेप्सिसमधून उठलेल्यांना अशक्तपणा, विसराळूपणा, झोप न येणं बरेच दिवस राहतं. तो आळस नव्हे. तिच्या ओठांवरचे फोड तोवर कधीच सुकले होते. विषाणू पुन्हा झोपला होता, आणि जन्मभर तिच्या अंगात राहील, जसा तो तिच्या नवऱ्याच्या आणि बहुधा आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या अंगात आहे. भरून न येण्यासारखे होते ते सुरुवातीचे दोन दिवस, जे आपण सगळ्यांनी मिळून घालवले.

१३ सप्टेंबर हा जागतिक सेप्सिस दिन असतो, आणि तो बहुधा वर्षावासातच येतो. विहारात ग्रंथवाचनाला बसाल तेव्हा शेवटची दहा मिनिटं काढा. सातव्या भागातली लक्षणं मोठ्याने वाचा आणि कागदावर लिहून विहाराच्या फळ्यावर लावा. मग एकमेकींना हे प्रश्न विचारा:

• बाळंतिणीला हुडहुडी भरून ताप आला तर पहिलं काम काय?
• आयसीयूतल्या रुग्णाच्या ओठावर फोड आले तर ते कुठून आले?
• नागीण अर्ध्या अंगावरच का थांबते?
• कोणाचा पेला वेगळा ठेवायचा, आणि किती दिवस?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी सासवांनी द्यावं.

जयभीम.